तांबड्या वाणाचे कोंबडे कोणाला

मी, खाली सही करणारी, सुताराची विधवा आणि मागच्या अंगणातल्या तांबड्या वाणाच्या कोंबड्यांची परवानाधारक मालकीण, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता आणि दाराआड कोणी कान लावून उभे नाही याची खात्री करून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते झाल्यावर मी त्यांना विचारले, "कोंबडा अंडं देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?" ते हसले आणि सही करून मोकळे झाले. मी गंमत करत नव्हते. ज्यांनी कायदा केला त्यांच्या आणि ज्यांनी तो आयुष्यभर मोडला त्यांच्याही ध्यानात ही साधी गोष्ट राहिलेली नाही, हे या कागदाच्या शेवटाकडे दिसेल.

मजकूर माझ्याच हातचा आहे. वकील शेजारी बसले आहेत. औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचे ऑफिस आहे आणि आजवर त्यांनी मृत्युपत्रांत भांडी, कपाटे आणि जिन्याखालची जागा एवढेच पाहिले आहे. मध्ये मध्ये ते एखाद्या ओळीवर बोट ठेवून "हे कशाला, आजी?" म्हणतात. मी त्यांचे बोट बाजूला सारते आणि पुढे लिहिते.

कलम १. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या दिरांनी केले होते. मागच्या वर्षी मी दवाखान्यात असताना माझ्या नावाचे मृत्युपत्र ते टाइप करून, फक्त सहीची जागा रिकामी ठेवून, फळांच्या पिशवीतून घेऊन आले. त्यात माझे सगळे पक्षी त्यांना 'प्रेमापोटी' दिलेले होते. मी म्हटले, "भाऊजी, ठेवून जा, चष्मा आणला नाही." घरी आल्यावर ते कागद खुराड्यात तळाला अंथरले आणि पक्ष्यांनी त्यावर आपापले मत नोंदवले. तसलाच दुसरा एखादा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा.

कलम २. राहते घर, मागचे अंगण, त्यातला नळ आणि नळाशेजारचा धुण्याचा दगड माझ्या मुलीला. ती शाळेची बस चालवते. आत चाळीस पोरे आरडाओरडा करत असताना जी बाई शांतपणे आरशात बघून वळण घेते, तिला घर सांभाळणे जड जाणार नाही. घराच्या पुढच्या भिंतीला ओल येते. उस्ताद येऊन म्हणतील की भिंत पाडून नवी बांध, माझ्या ओळखीचा गवंडी आहे. त्यांच्या ओळखीचा कोणीही घरात घेऊ नये.

उस्ताद म्हणजे माझे दीर, माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. या भागात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. हे नाव त्यांना कोणी दिले याची मी चौकशी केली आहे. त्यांनी स्वतःच दिले.

कलम ३. बँकेतली शिल्लकही मुलीला. ती किती आहे हे तिला माहीत आहे, इतरांना माहीत असण्याचे कारण नाही.

कलम ४. शिलाई मशीन माझ्या जाऊबाईंना, म्हणजे उस्तादांच्या बायकोला. त्या बाईशी माझे काही वाकडे नाही. लग्नानंतर तिने नवऱ्याचे कोंबडे पाळले, नवऱ्याचे मित्र पोसले, नवऱ्याच्या पराभवांच्या गोष्टी विजय म्हणून ऐकल्या आणि प्रत्येक वेळी "हो का?" म्हणाली. मशीनच्या पायट्याला तेल घालावे आणि ते चालवताना दार लावून घ्यावे, म्हणजे बाहेरचे काही ऐकू येणार नाही.

कलम ५. माझ्या नवऱ्याची हत्यारे. रंधे, करवती, गिरमिटे, शिकंजे, सगळी मुलीला. तिला सुतारकाम येत नाही, पण बापाची हत्यारे कशी पुसायची ते येते. यातून एक वस्तू मी वेगळी काढत आहे. अर्धा इंच पात्याची, शिसवी मुठीची पटाशी. ती वखारीच्या मालकांना द्यावी.

वखारीचे मालक म्हणजे जिथून माझे यजमान जन्मभर लाकूड आणत तिथले शेठ. नवीन माणूस कामाला लागला की ते त्याला एक गोष्ट सांगतात. "हत्यार नीट धर रे बाबा. आपल्याकडे एक सुतार होता, चांगला नावाजलेला. स्वतःच्याच पटाशीने मांडी कापून घेतली आणि गेला. तसं करू नकोस." मग सगळे हसतात. ही गोष्ट मी स्वतः तीनदा ऐकली आहे, त्यांपैकी एकदा उधळलेल्या भुशात उभी राहून, खुराड्यासाठी फळ्या मागत असताना. शेठना मी कोण हे त्या वेळी आठवले नाही.

जो माणूस काम संपल्यावर पटाशीला तेल लावून, चिंधीत गुंडाळून, धार भिंतीकडे करून ठेवायचा, जेवताना मुलीच्या ताटाशेजारचा चाकूसुद्धा उलटा करून ठेवायचा, त्याचे नाव निष्काळजीपणाचा नमुना म्हणून घेतले जाते. तीसेक वर्षे मी हे ऐकते आहे. मला राग येतो, आणि तो कमी होत नाही. शेठनी ही पटाशी गल्ल्याच्या वर टांगावी. मांडी कापणारी पटाशी ती हीच, तर तिच्याकडे बोट दाखवून गोष्ट सांगावी. मात्र त्याआधी या कागदाच्या शेवटी जोडलेला मजकूर त्यांच्या वखारीत वाचला जाईल, तो ऐकावा.

कलम ६. आता कायदा. वकील म्हणतात की कायद्याचा फक्त क्रमांक लिहा. क्रमांक लिहून कोणाला काही कळत नाही, म्हणून मी अर्थ लिहिते.

झुंजीवर बंदी आहे. ती माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे. बंदी आल्यापासून झुंजी उघड्या मैदानातून गोदामात गेल्या, एवढाच तिचा परिणाम. पुढे सरकारच्या लक्षात आले की झुंज बंद असली तरी झुंजीचे कोंबडे शिल्लक आहेत. मग समिती बसली. समितीतल्या एकाने आमच्या घरी येऊन मला विचारले होते की हे पक्षी रात्री पेटीत घालून कुलूप लावता का. या समितीने पाळण्याचे नियम केले. झुंजीच्या जातीचा कोंबडा पाळायचा तर परवाना हवा. सहा महिन्यांचा झाला की पायात नंबराचे कडे. प्रत्येक कोंबडा वेगळ्या कप्प्यात, दोन कोंबडे एका कप्प्यात सापडले तर गुन्हा. कोंबडा विकायचा नाही, बदलायचा नाही, भेट द्यायचा नाही, मालकाने मारायचाही नाही. मालक मेला तर मृत्युपत्राने फक्त एका परवानाधारकाला जाईल, तोही ठरलेल्या मुदतीत. मृत्युपत्र नसेल तर सरकारी खाते येऊन पक्षी ताब्यात घेईल आणि 'शांत करील'. म्हणजे कोंबड्यांचे मरण टळावे म्हणून केलेल्या कायद्यात खाते त्यांना मारते, आणि त्याला शब्द शोधला आहे 'शांत'. हा शब्द ज्याने शोधला त्याला बढती मिळाली असेल.

मला हे मृत्युपत्र करावे लागते आहे ते घरासाठी नाही. घर मुलीला आपोआप मिळाले असते. ते या कोंबड्यांसाठी करावे लागते आहे.

दरवर्षी पक्षीनिरीक्षक येतात. त्यांना पक्ष्यांची भीती वाटते. जाळीपासून चांगले लांब उभे राहतात, कडी मोजतात, चहा पितात. एकदा मी त्यांना विचारले, "साहेब, अर्जावर 'स्वभाव: झुंजार' असं दरवर्षी लिहिता. ते कशावरून?"

"जात झुंजीची आहे ना, आजी."

"पण हा झुंजतो का, ते बघितलं कोणी?"

"बघायचं म्हणजे दोन समोरासमोर सोडायचे. तो गुन्हा होईल."

"मग कळतं कसं?"

"तसं धरून चालायचं असतं," असे म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवले. हे संभाषण वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

कलम ७. माझ्या यजमानांच्या मृत्यूबद्दल. वकिलांनी इथे दोन्ही हातांनी कागद झाकला होता. मी थांबले, त्यांना पाणी प्यायला दिले आणि पुन्हा सुरुवात केली. ते म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते." मी म्हटले, "त्यांचं नाव ही माझीच मालमत्ता आहे. ती दुसऱ्याच्या ताब्यात आहे, ती परत मागते."

माझे यजमान झुंजीचे शौकीन नव्हते. तांबडा वाण माझ्या माहेरचा. उस्ताद त्याला 'आमच्या घराण्याचा वाण' म्हणतात; त्यांच्या घराण्यात माझ्याआधी एक बदक होते. वडिलांनी लग्नात मला एक कोंबडा आणि चार कोंबड्या दिल्या, त्यातून हे सगळे वाढले. यजमान फक्त खुराडी बांधत आणि झुंजीच्या पात्यांना लाकडी म्याने करून देत. झुंजीत कोंबड्याच्या पायाला बोटभर लांबीचे पाते बांधतात. ते वस्तऱ्यासारखे असते. दोन्ही कोंबडे समोरासमोर येईपर्यंत म्यान काढायचे नसते, कारण कोंबडा हातात असतो आणि हात माणसाचा असतो. हे समजायला उस्ताद व्हावे लागत नाही.

त्या दिवशी उस्ताद आमच्याकडे आले. त्यांचा कोंबडा धरणारा आजारी होता. म्हणाले, "दादा, नुसता धरायला चल. अर्ध्या तासात परत." यजमान हत्यारे आवरून, पटाशी चिंधीत गुंडाळून, हात धुऊन गेले. साबणाच्या बंद कारखान्याचे गोदाम होते. यजमानांनी कोंबडा छातीशी धरला. उस्तादांनी पाते बांधले. समोर चार लोक बघत होते म्हणून त्यांनी म्यान तेव्हाच काढले आणि पाते कसे चमकते ते दाखवायला कोंबड्याचा पाय धरून वर केला. कोंबडा उसळला. पाते यजमानांच्या मांडीत, आतल्या बाजूला, खोल गेले.

पुढचे ज्याने मला सांगितले तो तिथे होता आणि आज या कागदावर साक्षीदार म्हणून सही करतो आहे. तो म्हणजे समोरचा घड्याळवाला. त्या दिवशी तोही पळाला होता. आज गुडघ्यांमुळे त्याला पळता येत नाही, म्हणून सही करायला मिळाला. त्याचे शब्द असे: "वहिनी, कोणीतरी ओरडलं की पोलिसांना कळलं तर सगळे आत. मग सगळे पिसं गोळा करायला लागले. रिंगणाचे खांब उपटले, वाळूवरचं रक्त खराट्यानं झाडलं, कोंबडे पोत्यात घातले. दादा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर दोन्ही हात दाबून. ते एवढंच म्हणत होते, घट्ट बांधा रे काहीतरी."

कायद्याच्या भीतीने त्यांनी आधी पिसे उचलली आणि मग माणूस. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा उस्तादांनी चटकन सांगितले, "सुतार आहे. पटाशी लागली." कायद्याने झुंज होतच नव्हती, मग झुंजीत माणूस मरणार कसा? पटाशीवर खापर फोडणे सोपे होते, पटाशी काही बोलत नाही. संध्याकाळपर्यंत यजमान गेले.

उस्ताद रडले, मोठ्याने. शेजारच्या गल्लीतूनही लोक ऐकायला आले होते. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी एकदाही, कोणासमोरही, खरे सांगितलेले नाही. मी त्यांना एकटे गाठून विचारले होते. म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. आता बोलून माझ्यावर खटला होईल, दादा काही परत येणार नाही." खरे आहे. दादा परत आले नाहीत आणि भाऊजींना एक दिवसही कोठडीत काढावा लागला नाही. आता इतक्या वर्षांनी खटलाही होणार नाही, हे वकिलांनी मला सांगितले आहे. म्हणजे भाऊजींना घाबरायचे कारण उरलेले नाही. लाज वाटली तर तेवढीच.

कलम ८. आता कोंबडे. माझ्या परवान्यावरचे, पायात कडी असलेले सगळे तांबडे कोंबडे मी उस्तादांना देते.

हे ऐकताना ते खुर्चीतून अर्धे उठलेले असतील. बसावे. माझे प्रत्येक आजारपण त्यांनी या ओळीसाठी काढले आहे. पिशवी घेऊन यायचे, पलंगाशेजारी बसायचे आणि मान खिडकीकडे करून विचारायचे, "वहिनी, तब्येत काय म्हणते?"

एकदा मी म्हटले, "तब्येत इकडे आहे, भाऊजी. तिकडं खुराडं आहे."

त्यांनी पक्षी पाळण्याचा परवाना तीन वर्षांपूर्वीच काढून, चौकटीत घालून, दिवाणखान्यात टांगला आहे. त्यांच्याकडे एकही पक्षी नाही, होते ते सगळे त्यांनी गोदामात संपवले. म्हणजे माझ्या मरणाची वाट बघण्याची सरकारी परवानगी भिंतीवर लावून ते तिच्याखाली जेवतात.

कोंबडे त्यांना मिळण्याच्या अटी अशा. पहिली, त्यांनी वखारीत, कामाचे सगळे लोक हजर असताना, या कागदाच्या शेवटी दिलेला मजकूर मोठ्याने वाचावा आणि त्याखाली सही करावी. दुसऱ्याकडून वाचून घेतलेला चालणार नाही. घसा बसला असेल तर बरा होईपर्यंत थांबावे, पण कायद्याची मुदत थांबत नाही हे ध्यानात ठेवावे. दुसरी, दाणा-पाणी आणि खुराड्याची साफसफाई त्यांनी स्वतः करावी, जाऊबाईंनी नाही. निरीक्षक येतात तेव्हा जाऊबाईंना एकटीला बोलावून विचारतील. तसे मी त्यांना सांगून ठेवले आहे, चहा पिताना ते बरेच ऐकून घेतात. तिसरी, कायदा. तो मी लिहिलेला नाही, पण या वेळी उपयोगी पडतो आहे. कोंबडे विकता येणार नाहीत, देता येणार नाहीत, मारता येणार नाहीत. एकाच्याही अंगावर जखम दिसली तर परवानाधारक आत. कोंबडा नीट ठेवला तर पुष्कळ वर्षे जगतो.

उस्तादांनी वाचायला नकार दिला तर सगळे कोंबडे मुलीला जातील. तिच्याकडेही परवाना आहे. म्हणजे कोणी 'शांत' होणार नाही. पण ते नकार देणार नाहीत. तांबडा वाण हातात येणार म्हटल्यावर हा माणूस आपल्या बापाचे नावही बदलून सांगेल, मग भावाबद्दल खरे सांगणे त्यामानाने सोपे.

कलम ९. हे कलम मी चोरून लिहीत नाही, उघड लिहिते. उस्तादांनी सही करण्याआधी ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

हे कोंबडे झुंजत नाहीत.

यजमान गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कोंबडा पोत्यात घालून कोणीतरी आमच्या दारात ठेवला होता. पक्षी मूळ माझ्या खुराड्यातला, उस्तादांनी नेलेला. त्याच्या पायाला अजून पाते होते. मी त्याची मान मुरगळायची म्हणून अंगणात गेले. पाते सोडले, आणि तो माझ्या पायाशी सांडलेला दाणा टिपू लागला. मी तिथेच बसले आणि खूप रडले. त्याला मारले नाही. मी ठरवले की या वाणातून झुंजच काढून टाकायची.

रीत सोपी आहे, फक्त वेळ लागतो. नर पिल्ले पाच महिन्यांची झाली की मी दोन-दोन मागच्या खोलीत, दार लावून, एका ताटलीवर सोडत असे. ज्याने मान फुगवली तो पातेल्यात गेला. ज्याने शेजाऱ्याला दाणा खाऊ दिला तो ठेवला. आणि त्याच्या आईच्या तलंगा, म्हणजे त्याच्या तरुण बहिणी, ठेवल्या. दोन कोंबडे एकत्र सोडणे गुन्हा आहे हे मला माहीत आहे. कायद्याने कोंबडा सहा महिन्यांनी कोंबडा होतो, तोवर पिल्लू असतो, असे वकील माझ्या बाजूने म्हणतात. तरी निरीक्षकांना माझ्यावर खटला भरायचा असेल तर जरूर भरावा, मी हजर राहू शकणार नाही. पातेल्यात गेलेल्यांपैकी काहींचा रस्सा त्यांनी आमच्याकडे जेवून वाखाणला आहे, हेही साक्षीत यावे.

दरवर्षी पातेल्यात जाणारे कमी झाले. गेली कित्येक वर्षे एकही गेला नाही. दिसायला तेच आहेत. तेच तांबडे पंख, तीच उंच मान, तोच रुबाब. कायद्याने प्रत्येक जण वेगळ्या कप्प्यात, म्हणून बाहेरच्या कोणाला कधी कळलेच नाही. सरकारने झुंज होऊ नये म्हणून जाळ्या घातल्या आणि त्या जाळ्यांआड झुंज कधीच संपली होती. दरवर्षी अर्जावर मात्र 'स्वभाव: झुंजार'.

माझ्या मुलीला हे पक्षी नजरेसमोर नको असत. वडिलांनंतर ती अंगणाच्या त्या बाजूला जात नसे. "आई, तुला त्यांच्याकडे बघवतं कसं?" असे एकदा विचारले होते. मग एका सुट्टीच्या दिवशी तिला मागच्या खोलीत बोलावले आणि दोन तरणे कोंबडे ताटलीवर सोडले. ती दाराला पाठ लावून उभी होती, अंग चोरून. ते दोघे दाणे खात राहिले, एकमेकांच्या पंखाला पंख लागत होता तरी. ती खाली बसली. म्हणाली, "बाबांना दाखवायला हवं होतं." त्यानंतर खुराडी तीच झाडते.

म्हणून कलम दहा, ते छोटे आहे. सगळ्या कोंबड्या, तलंगा आणि कडे नसलेली पिल्ले मुलीला. वकिलांनी कायदा पुन्हा पुन्हा वाचून पाहिला. त्यात कोंबडीचा उल्लेख नाही. 'पक्षी म्हणजे झुंजीच्या जातीचा नर' एवढीच व्याख्या. समितीला वाण नराकडून चालतो असे वाटले. उस्तादांनाही तसेच वाटते. मी त्यांना एकदा म्हटले होते, "भाऊजी, वाण कोंबडीत असतो." ते म्हणाले, "कोंबडी काय, अंड्यांची पिशवी. कोंबडा उस्तादाच्या हातावर असतो. माझ्या हातात आलं तर कबूतरही झुंजेल."

हे वाक्य त्यांचे, जसेच्या तसे. त्यामुळे कलम नऊ वाचूनही ते हसतील, बाईमाणसाला काय कळते म्हणतील आणि सही करतील. मग कधी तरी, दार लावून, दोन कोंबडे समोरासमोर सोडतील, चार लोकांना बोलावून. कोंबडे दाणे टिपतील. बघायला मी नसेन याचे मला थोडे वाईट वाटते. जाऊबाईंनी दाराच्या फटीतून बघावे आणि "हो का?" म्हणावे.

कलम ११. माझ्या अंत्यविधीला कोणी भाषण करू नये. उस्तादांनी रडू नये, त्यांचे रडणे मी एकदा ऐकले आहे. मुलीने त्या दिवशी बसची फेरी चुकवू नये, पोरांना शाळेत सोडून यावे, मी थांबेन.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, त्यातला एकही शब्द कमी करावासा वाटला नाही आणि वकिलांनी खोडायला सांगितलेल्या ओळी खोडलेल्या नाहीत. ते सर्व मला मान्य आहे म्हणून सही करते.

लिहून देणार: सुताराची विधवा (सही)

साक्षीदार पहिला: समोरचा घड्याळवाला. कलम सात मी स्वतः पाहिलेले आहे. (सही)

साक्षीदार दुसरी: दूध टाकणारी. मला यातले काही माहीत नव्हते, आज कळले. (सही)

ठिकाण: राहत्या घरातली मागची खोली, जिथे ताटली ठेवते ती
दिनांक: १७ फेब्रुवारी, सकाळ, खुराडी झाडून झाल्यावर

सोबत जोडलेला मजकूर, उस्तादांनी वखारीत मोठ्याने वाचायचा:

"माझा भाऊ पटाशीने मेला नाही. गोदामात, मी बांधलेल्या पात्याने मेला. म्यान त्याने स्वतः केले होते आणि ते नीट बसत होते. मी ते वेळेआधी काढले, लोकांनी बघावे म्हणून. मग आम्ही पिसे उचलली आणि तो थांबला. माझा भाऊ कामात कधी चुकला नाही. त्या दिवशी त्याची पटाशी घरी होती, तेल लावलेली, चिंधीत गुंडाळलेली, धार भिंतीकडे."

वाचणाऱ्याची सही: